रोलच्या शेवटच्या चार फ्रेम

जंगलात फोटो काढायला जाणाऱ्याजवळ किस्से साचतातच. म्हणजे होतं काय, पाखराची वाट बघत बांधावर चार-चार तास बसायचं. पाखरू येत नाही, पण तेवढ्या वेळात सोबतच्या माणसांचं काहीतरी होऊन जातं. परतताना कॅमेरा रिकामा आणि डोकं भरलेलं! माझ्या गोंदियाच्या स्टुडिओत निगेटिव्हची पाकिटं नंबर टाकून नीट ठेवली आहेत. किस्से मात्र असेच मोकळे पडलेत. पूर्वी ज्यांच्यासोबत घडले त्यांनाच परत परत सांगायचो आणि हसायचो. आता ती माणसं इथं नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो. चहा मागवू का आधी?

माझा धंदा लग्नाचा. म्हणजे लग्नाच्या फोटोंचा. अर्ध्या जिल्ह्याची लग्नं मी काढली, स्वतःचं तेवढं राहून गेलं.

* * *

नव्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा रोल असायचा, छत्तीस फ्रेमचा. लग्न संपलं तरी शेवटच्या रोलमध्ये तीन-चार फ्रेम उरायच्याच. त्या माझ्या! सकाळी परत येताना वाटेत स्कूटर थांबवायची आणि त्या पाखरांवर उडवायच्या.

नागऱ्याच्या पलीकडं एका गावात पटले पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. ते आटोपून येताना नागऱ्याच्या देवळापासून थोडं पुढं एका झाडाच्या ढोलीत पिंगळा दिसला. पिंगळा म्हणजे लहान जातीचं घुबड. काढला. रोल नागपूरच्या लॅबला गेले, प्रिंट आठवड्यानं आले. सीझन असा, की मी अर्धवट झोपेतच अल्बम लावायचो.

अल्बम नेल्याच्या तिसऱ्या दिवशी पाटील तो काखेत धरून दुकानात. पान उघडलं आणि माझ्यासमोर आपटलं. वर कन्यादान, खाली बिदाई, आणि मधे ढोलीतून डोळे वटारून बघणारा पिंगळा!

"माह्या पोरीच्या लग्नात घुबड काऊन आलं?"

"पाटील, आमंत्रण तर नव्हतं त्याला..."

पुढचं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. फोटो उपटून टेबलावर टाकला आणि गेले.

दोन महिन्यांनी तीच मुलगी माहेरपणाला आली आणि नवऱ्याला घेऊन दुकानात हजर. म्हणाली, "भाऊ, ते घुबड परत द्या."

"कायले?"

"पूर्ण अल्बममंदी तेच एक कॅमेऱ्याकडं पाहून राहिलं होतं. बाकी सगळे जेवनाकडं!"

* * *

त्या पिंगळ्याची मोठी कॉपी करून मी शोकेसमध्ये लावली. एका बाजूला पासपोर्ट फोटो, दुसऱ्या बाजूला पावडर लावलेली बाळं, मधे हा. त्याच्यामुळं मला तीन माणसं मिळाली.

पहिले तिवारीजी, मालगाडीचे गार्ड. दुसरे कापगते मास्तर. नवेगावबांधकडचे, ज्यांच्या पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले त्या कोहळी घराण्यातले. रिटायर होऊन गोंदियाला मुलाकडं राहायला आलेले. तिसऱ्या शहारे सिस्टर, सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. तिघंही वेगवेगळ्या दिवशी काहीतरी वेगळ्याच कामासाठी आले आणि तिघांनीही एकच विचारलं, "हे कुठं दिसलं?" पुढच्या रविवारी आम्ही चौघं दोन स्कूटरवर तिथं गेलो. मग दर रविवारी. बाकीचे सहा दिवस कोणाचे कसे जातात, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.

तिवारीजींची नोकरी मोठी विचित्र. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा माणूस. सौंदडच्या पुढं जंगलात सिग्नल मिळाला नाही तर गाडी दोन-दोन तास उभी. म्हणायचे, "बात करने के लिए एक ड्राइवर है, और वो आधा किलोमीटर दूर बैठता है!" डब्यातून त्यांना रोज जनावरं दिसायची. म्हणून मी माझा जुना कॅमेरा त्यांना दिला, रोल भरून.

रोल धुऊन आला. छत्तीस फोटो. रूळ, खडी, झुडूप, पळसाचं झाड, परत रूळ.

"तिवारीजी, इसमें जानवर कहाँ है?"

"था ना! बटन दबाया तब तक निकल गया." मग बोट टेकवून म्हणाले, "लेकिन जगह तो देखो. बिल्कुल यहीं खड़ा था!"

त्यांनी त्या छत्तीस फोटोंचा अल्बम केला. प्रत्येकाखाली पेननं लिहिलं. 'नीलगाय, अभी अभी.' 'भालू, दो बच्चों के साथ, अभी अभी.' आणि एकेक फोटो असा रंगवून दाखवायचे, की तुम्हाला ते अस्वल दिसायलाच लागे.

पुढं त्यांची बदली बिलासपूरला झाली. आम्ही तिघं स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी हलली, ते दारात उभे राहिले, मी घाईघाईनं कॅमेरा वर करून बटन दाबलं. फोटोत निघाला नुसता रिकामा फलाट!

सिस्टरनी तो घेतला आणि खाली लिहिलं, 'तिवारीजी, अभी अभी.'

* * *

सिस्टर कायम खाली बघून चालायच्या. आम्ही झाडांवर, कड्यांवर नजर लावून, आणि यांचं लक्ष पायाशी. मुंग्या, कोळ्याची जाळी, ओल्या लाकडावरच्या छत्र्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "वॉर्डात सवय लागली. मान वर केली की कोणी ना कोणी पेशंट हाक मारतो!"

एकदा आमच्याकडच्या, नवेगावबांधजवळच्या प्रतापगडाच्या डोंगरावर बिबट्या दिसतो असं तिथल्या देवळाबाहेरच्या फुलवाल्यानं सांगितलं. आम्ही पहाटे पोहोचलो. मी आणि मास्तर दगडाआड दबा धरून, श्वाससुद्धा बेतानं. सिस्टर पायवाटेच्या कडेला बसल्या त्या अर्धा तास उठल्याच नाहीत. बिबट्या काही आला नाही.

त्या अर्ध्या तासात सिस्टरनी काढलेला फोटो आठवड्यानं धुऊन आला. चाळीस-पन्नास फुलपाखरं, निळी, पिवळी, पांढरी, एकमेकांना खेटून बसलेली. कोवळं ऊन पंखांतून आरपार गेलेलं. मी जन्मात असा फोटो काढला नव्हता.

गोंदियाच्या एका कॉलेजात प्रदर्शन भरलं, तिथं त्याला पहिलं बक्षीस मिळालं. प्रमुख पाहुणे फोटोसमोर उभे राहिले, कौतुकानं त्यावर हात ठेवला. "अहाहा! काय रंग! मॅडम, ही फुलपाखरं कोणत्या फुलावर बसली आहेत?"

"फूल नाही सर," सिस्टर म्हणाल्या. "शी आहे. बिबट्याची."

पाहुण्यांनी हात हळूच काढून घेतला आणि रुमाल शोधायला लागले! मागून मास्तर म्हणाले, "म्हंजे बिबट येऊन गेलाच होता तं!"

* * *

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण आता निघालाच आहे विषय.

एका रविवारी मास्तरांना ताप होता. मी आणि सिस्टर दोघंच निघालो. परतताना कोहमाऱ्याला ढाब्यावर थांबलो. ट्रकवाल्यांची गर्दी, बाजेवर कशीबशी जागा मिळाली. ढाबेवाला लांबूनच ओरडला, "भाईसाब, भाभीजी की चाय में शक्कर कितनी?"

मी तोंड उघडायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "कम."

बस्स. 'मी यांची कोणी नाही' वगैरे काही नाही. नुसतं 'कम.' चहा प्यालो, परत आलो.

त्या एका शब्दावर मी दोन वर्षं काढली! रोज ठरवायचो, येत्या रविवारी बोलायचं. रविवारी मास्तर सोबत असायचे. नसले तर पाखरू दिसायचं. काही नाही तर स्कूटरचा आवाजच जास्त असायचा.

मग एका मंगळवारी सिस्टर दुकानात आल्या. साडीत. मी त्यांना कधी साडीत पाहिलंच नव्हतं. रविवारी आपला पंजाबी ड्रेस आणि पायात कॅनव्हासचे बूट. म्हणाल्या, "एक चांगला फोटो काढून द्या. बायोडाटाला लावायचा आहे. भावानं चंद्रपूरचं स्थळ आणलंय."

मी लाइट लावले. मागचा पडदा तीनदा बदलला. मग नेहमीचं म्हणालो, खांदे सैल सोडा, हनुवटी थोडी खाली, आणि हसा.

"बघू कुठं?" त्यांनी विचारलं. "कॅमेऱ्यात, की तुमच्याकडं?"

मी लेन्सची काच परत एकदा पुसली.

"कॅमेऱ्यात," मी म्हणालो.

इतकी वर्षं फोटो काढले, एवढा चुकीचा अँगल कोणाला सांगितला नाही! स्थळ त्याच फोटोवर पक्कं झालं. लग्नाचे फोटोही मीच काढले. त्या लग्नात मात्र एकाही रोलमध्ये फ्रेम उरली नाही.

* * *

मग राहिलो मी आणि मास्तर.

मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. दिसणं हळूहळू बंद होत आलं होतं. कॅमेरा त्यांनी कधी हातात धरला नाही. त्यांचं सगळं कानावर. पाण्यावर कोणतं बदक आहे, गवतात काय हललं, सगळं बसल्या जागी सांगायचे. एकदा नागपूरहून एक साहेब आले, हातभर लांब लेन्स घेऊन. सकाळभर आपल्या लेन्सबद्दल सांगत होते. शेवटी मास्तरांना म्हणाले, "तुम्हाला एवढ्या लांबचं कसं ऐकू येतं हो? मला तर काहीच येत नाही!"

"तुमी बोलून राहिले ना," मास्तर म्हणाले, "म्हून!"

पण दिसणं पूर्ण गेलं तसं घरच्यांनी त्यांना अडवायला सुरुवात केली. एका रविवारी मी न्यायला गेलो, तर मुलगा दारातच म्हणाला, "बाबा, दिसत नाही काही, तं जाता कायले?" मास्तरांनी चपला चाचपून पायात घातल्या आणि माझ्या मागं बसले. नवेगावबांधला पोहोचलो.

आणि नेमकं त्या दिवशी तलावावर काहीच नव्हतं. नुसतं पाणी आणि धुकं. मास्तर काठावर बसले, काठी आडवी मांडीवर घेतली. "सांगा. काय काय दिसून राहिलं?"

मला 'काही नाही' म्हणवेना. म्हटलं, "लालसरी बदकं आहेत मास्तर, पाण्यावर पसरली आहेत. पलीकडं चक्रवाकाच्या चार जोड्या. आणि तो बघा, मासेमार गरुड! झेपावला!" मी रंगातच आलो. गरुडाला मासा धरायला लावला, सोडायला लावला, परत धरायला लावला. मास्तर मान हलवत ऐकत होते. चेहरा असा खुललेला, की मला थांबवेना.

निघताना स्कूटरवर बसले, माझा खांदा धरला आणि म्हणाले, "आज लय पाखरं दाखवले बाप्पा तुमी."

"हो ना!"

"पन एक बी बोललं नाही."

पाच-सात किलोमीटर मी समोरचा रस्ताच बघत राहिलो. मला तर मान वळवायचीही लाज वाटत होती. मग मागून आवाज आला, "त्या गरुडाचं पुढं काय झालं?"

* * *

मास्तर त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच.

मुलगा दुकानात आला. "काका, बाबांचा एक चांगला फोटो द्या. तेरवीला लावायचा आहे."

मी डबेच्या डबे उपसले. रात्रंदिवस... नाही, खोटं कशाला सांगू, दोन दिवस दुकान बंद ठेवून शोधत होतो. खंड्या होता, तुतवार होता, एका बगळ्याचे तर अंगठा दुखेपर्यंत काढलेले फोटो होते. इतक्या वर्षांत शेजारी बसलेल्या माणसाचा एकही नाही! लेन्स कायम पाण्याकडं.

शेवटी एक सापडला. तोही चुकून निघालेला. मास्तर अर्धे पाठमोरे, डोळे मिटलेले, हाताचा पंजा कानामागं.

तो घेऊन त्यांच्या घरी गेलो, पण मुलाला पटेना. "चेहराच दिसत नाही नीट. लोक काय म्हनतीन?"

मास्तरांची बायको भिंतीला टेकून बसली होती. फोटो तिनं हातात घेतला, खूप वेळ बघितला. म्हणाली, "हाच लावा. ऐकून राहिले ना ते."

लावला. तेरवीला दोनशे माणूस आलं असेल. जेवणाच्या पंगतीत गोंधळ, पण त्या खोलीत पाय ठेवला की जो तो आपोआप हळू बोलायला लागायचा!

* * *

त्यानंतर बरेच रविवार मी दुकानच उघडं ठेवलं. तोवर रोल जाऊन डिजिटल आलं होतं. मोबाइलवर जो तो फोटो काढायला लागला होता. गिऱ्हाईक कमी, बसून राहणं जास्त. मग एक दिवस अनसूयाबाईंचा निरोप आला.

अनसूयाबाई म्हणजे बाघ नदीच्या बाजूच्या एका गावातल्या शेतकरीण. साठीच्या. त्यांची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, आणि तिला लागून एक बोडी, म्हणजे लहानसं तळं. त्या बांधीत दर पावसाळ्यात सारसांची एक जोडी घरटं करायची. माणसाएवढा उंच पक्षी, मान लालभडक. घरट्याभोवतीचं धान बाई उभंच ठेवायच्या. त्या जोडीचे फोटो मी काही वर्षांपूर्वी काढून नेले होते. निरोप असा, की त्यातला एक विजेच्या तारेला लागून मेला.

कोणता मेला, नर की मादी, हे बाईंना सांगता आलं नाही. मलाही ओळखता आलं नाही. सारसाचे नर-मादी दिसायला सारखेच. उरलेला बोडीच्या काठाला उभा होता. जोडी असताना एकानं ओरडायला सुरुवात केली की दुसरा लगेच पुरं करायचा. हा सुरुवात करायचा आणि थांबायचा. परत सुरुवात करायचा. परत थांबायचा.

मी दर रविवारी जायला लागलो. मग बुधवारीही. सुरुवातीला मला पाहून तो शंभर पावलं लांब जायचा. मग पन्नास. संक्रांतीपर्यंत असं झालं, की मी बांधावर बसलो की तो पंधरा-वीस पावलांवर चिखलात चोच घालत फिरायचा. फोटो तर कधीच पुरे झाले होते. बाई चहा आणून द्यायच्या, बाकी काही विचारायच्या नाहीत.

एक दिवस म्हणाल्या, "तुमच्याजवळ त्या दोघाईचा फोटू असन ना जुना? मोठा करून आना. बांधीत लावू. एकटा लय ओरडून राहिला."

"बाई, पाखराला फोटो कळत नाही."

"तुमाले कोनं सांगितलं?"

घरी येऊन जुना फोटो काढला. दोघं शेजारी उभे. गेलेला तेवढाच लावायचा होता, पण यातला गेला तो कोणता? रात्री जेवताना बघितला, सकाळी बघितला. शेवटी डावीकडचा धरला. फ्लेक्सच्या दुकानात गेलो. तेव्हा गोंदियाच्या चौकाचौकात कोणाचे ना कोणाचे फ्लेक्स लागलेले असायचे. कंप्युटरवरच्या माणसानं वर न बघताच विचारलं, "भैया, ऊपर क्या लिखना है? जन्मदिन, या श्रद्धांजली?"

"काही लिहू नको," म्हटलं. "फक्त उंची बरोबर घे."

बुधवारी सकाळी मी आणि बाईंनी दोन बांबू रोवून तो सारस बांधीत उभा केला. लांबून पाहिलं तर खराच वाटत होता. मग मी बांधावर माझ्या जागी बसलो आणि बाई बाजूला उभ्या राहिल्या.

ऊन वर आल्यावर तो उडत आला. लांब उतरला. मान उंच करून बघितलं. एकेक पाऊल टाकत जवळ गेला, अगदी समोर उभा राहिला. मग तो फ्लेक्सच्या मागं गेला. मागं पांढरं. परत पुढं आला, परत मागं गेला. मान वर करून ओरडायला सुरुवात केली आणि थांबला. वाऱ्यानं फ्लेक्स फडफडला, बाकी काही नाही.

थोडा वेळ तो तसाच उभा होता. मग वळला, बांधाच्या कडेकडेनं चालत माझ्यासमोर आला आणि पंधरा-वीस पावलांवर चिखलात चोच घालून कंद उकरायला लागला.

अनसूयाबाईंनी हे सगळं पाहिलं. पदर खोचला, बांबूच्या सुतळ्या सोडायला निघाल्या. दोन पावलं गेल्या आणि वळून म्हणाल्या, "भाऊ, हा काही कामाचा नाही. पुढच्या बारीले तुमचा काढून आनजा एक. एवढाच मोठा."

"माझा? कायले?"

"तुमाले रोज येनं होत नाही ना!"